वायरमनबाईची धडधड

चारठाण्याच्या वीज कार्यालयात वायरमन म्हणून एक बाई येणार, हे कळल्यावर गावाला बरेच दिवस बोलायला विषय मिळाला. "ऑफिसात बसवत्याल तिला. पोलवर कोन चढवतंय," असं चहाच्या टपरीवर ठरूनही गेलं होतं. पण ती आली ती पायात बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि कमरेला पट्टा बांधून. पहिल्याच आठवड्यात बाजारपेठेतल्या खांबावरची तार निसटली. बाई शिडी लावून वर गेली तशी खाली माना वर करून ही गर्दी जमली. तिनं वरूनच आवाज दिला, "सरका बाजूला, पक्कड पडंल कुनाच्या तरी डोक्यात." गर्दी सरकली. थोड्या वेळानं दुकानांतले पंखे फिरायला लागले आणि बाई खाली उतरून, हात झटकून, स्कुटीवर बसून गेलीसुद्धा. त्या दिवसापासून ती सगळ्यांची वायरमनबाई झाली. तिचं नाव धम्मशीला, हे गावातल्या निम्म्या लोकांना आजही ठाऊक नसेल.

माहेर तिचं सोनपेठकडचं, गोदाकाठचं. वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते. गिरणीची मोटार दुरुस्तीला उघडली की ही समोर मांडी घालून बसायची, उठवलं तरी उठायची नाही. पुढे परभणीच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला, नोकरी लागली, लग्न झालं. नवरा धम्मानंद जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं छोटं दुकान आहे. सासू सरजाबाई आणि दुसरीत जाणारी मुलगी संबोधी, एवढंच घर.

उंचीचं भय तिला कधी वाटलं नाही. विजेचं भय मात्र ती मुद्दाम बाळगून होती. "तिला भ्यायलाच पायजे," असं म्हणायची. सबस्टेशनवरून लाईन बंद करून घेतल्याशिवाय, परमिट मिळाल्याशिवाय ती तारेला बोट लावत नसे. पावसात, वाऱ्यात, गुडघाभर चिखलात तिनं कामं केली. तिचे वरिष्ठ भगवानराव आता निवृत्तीला आलेत. खात्यात केस पांढरे झालेला हा माणूस नव्या पोरांना सांगायचा, "काम शिकायचं आसंल तर बाईसंगं जा."

अशा बाईला फोननं आडवं केलं.

झालं असं, की मागच्या रब्बीत शेजारच्या गावांचे वायरमन बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. ती गावंही धम्मशीलाच्या गळ्यात पडली. दिवस गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे. मोटारींना लागणारी थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की फ्यूज उडायचे, एक डीपी तर जळालाच. कुणीतरी तिचा नंबर गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि तिथून तो साऱ्या शिवारात पसरला. सकाळी दात घासायच्या आत फोन सुरू व्हायचे. "बाई, लाईट कवा येनार?" "आमच्याच डीपीवरची कामून गेली?" "उठलाव का अजून झोपेतच हाव?"

सगळ्यांत जास्त फोन लिंबाजीचे. देवळाच्या पलीकडे मळा असलेला हा साठीतला शेतकरी. विहिरीला पाणी चांगलं, पीक चांगलं, फक्त आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यावा. हालो-बिलो काही नाही, एकदम सुरुवात. "आमी काय मान्सं न्हाईत का? काल सांगितलं, परवा सांगितलं!"

सुरुवातीला तिला वाटलं, हंगामाचा ताण आहे, हंगामाबरोबर जाईल. पण हळूहळू फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायला लागलं आणि मागून धडधड. तोंड कोरडं पडायचं, तळहातांना घाम सुटायचा. स्कुटी रस्त्याच्या कडेला घेऊन ती फोन उचलायची, "हाव, बगते, करते" म्हणायची आणि फोन ठेवून तशीच गाडीवर बसून राहायची, दातावर दात दाबून. पहिल्याची धडधड ओसरायच्या आत दुसरा यायचा. जेवण जाईना. पोटात कायम जळजळ. पहाटे उगाचच जाग यायची आणि मग डोळा लागायचा नाही. फोन घरी विसरला असला तरी खिशात काहीतरी थरथरल्यासारखं वाटायचं. एका लग्नाच्या पंगतीत कुणाचा तरी फोन वाजला, सूर नेमका तिच्याच फोनचा. तिच्या हातातली वरणाची वाटी सुटून शेजारणीच्या शालूवर गेली.

तिला सगळ्यात लागलं ते वेगळंच. एका संध्याकाळी संबोधी शाळेतली कविता म्हणून दाखवत होती, हातवारे करत, मोठ्यानं. धम्मशीला नुकतीच घरी येऊन भिंतीला टेकली होती. "गप बस की गं!" ती इतक्या जोरात खेकसली की पोरगी बोलता बोलता थांबली आणि कपाटाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. धम्मशीलानं लगेच तिला ओढून जवळ घेतलं. पण पोरीचं अंग आखडलेलंच राहिलं.

त्यानंतरच्या आठवडी बाजारात ते झालं. भाजी घेता घेता फोन वाजला. घेतला, ठेवला, पुन्हा वाजला. तिला श्वास पुरेना. ती जोरजोरात श्वास ओढायला लागली तशा हाताला मुंग्या आल्या, बोटं वाकडी व्हायला लागली, छाती कुणीतरी आवळल्यासारखी झाली. "मी मरायले," एवढंच ती भाजीवालीला म्हणाली आणि तिथंच वांग्यांच्या ढिगाशेजारी बसली. धम्मानंद दुकान उघडं टाकून धावत आला. ओळखीच्या एकाची जीप मिळाली, तिच्यात घालून तिला जिंतूरला नेलं.

तिथल्या डॉक्टर शिवरंजनी वयानं तिच्याएवढ्याच. घराणं जिंतूरच्या किराणा व्यापाऱ्यांचं, त्यामुळे माणसांशी बोलायची हातोटी बहुधा दुकानातूनच आलेली. त्यांनी हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं, साखर पाहिली. दुसऱ्या दिवशी सगळे रिपोर्ट घेऊन दोघं नवराबायको समोर बसले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे."

"मंग मला झालंय काय?" धम्मशीलाचा आवाज चढला. "नाटक करायले का मी?"

"नाटक मुळीच नाही. धडधड खरीच आहे." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. "शेतात जाताना तुमच्या मागं पिसाळलेलं कुत्रं लागलं, तर काय कराल?"

"पळीन. न्हाईतर दगुड उचलीन."

"आता ते काय तुम्ही बसून ठरवणार का? शरीर आधीच तयारीला लागतं. पायांना, हातांना रक्त पाहिजे म्हणून हृदय जोरात चालतं. श्वास वाढतो. कुत्रं मागं असताना भाकरी पचवत कोण बसणार, म्हणून पोटाचं काम थांबतं. तोंड कोरडं पडतं, हाताला घाम येतो. मग तुम्ही पळता, कुत्रं मागं राहतं, कुणाच्या तरी ओट्यावर बसून पाणी पिता आणि सगळं हळूहळू आपल्या जागेवर येतं. खरं ना?"

धम्मशीलानं मान हलवली.

"तुमच्या शरीरानं फोनला कुत्रं समजून घेतलंय. फोन आला की सगळी तयारी होते. पण तुम्ही पळतही नाही आणि दगडही उचलत नाही. गाडीवर बसून 'करते, बगते' म्हणता. केलेली तयारी तशीच अंगात राहते. त्यावर पुन्हा फोन."

"बाजारात हात वाकडे झालते ते?"

"फार जोरजोरात श्वास घेतला की होतं तसं. भीती वाटते, पण त्यानं मरत नाही कुणी."

डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. फोनला वेळेचं कुंपण घाला, रोज भरभर चाला, महिन्यानं दाखवा, असं सांगितलं. फरक पडला नाही तर परभणीला मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देईन, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. बाहेर पडताना धम्मशीला फणकारली, "म्हने चाला! दिसभर शिवार पालथं घालते की मी."

"स्कुटीवर," धम्मानंद हळूच म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की जिंतूरपासून घरापर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

सासूचं मत निराळं होतं. सरजाबाई रोज संध्याकाळी विहारात जाऊन आनापान करतात, म्हणजे डोळे मिटून आपला श्वास येतो-जातो तेवढा बघत बसतात. "संगं चल," त्या म्हणाल्या. "फोन घरी ठिव. चार दिस बस, बग कसं हलकं वाटतंय." धम्मशीला गेली. डोळे मिटून बसली. पण श्वासाकडे बघायला जावं तर धडधडच मोठी ऐकू यायची. बाकीच्या बाया दगडासारख्या शांत आणि ही घामानं भिजलेली. दोन-तीन संध्याकाळी कसंबसं बसून तिनं ते सोडून दिलं. "आत्या, मला न्हाई जमत," ती म्हणाली. सरजाबाईंनीही जबरदस्ती केली नाही.

माघाचे दिवस होते. गावाबाहेरच्या जुन्या देवळाजवळच्या खांबावरचा जंप, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, ढिला झाला होता, त्यामुळे लिंबाजीच्या बाजूच्या मळ्यांना धड तीन फेज मिळत नव्हते. धम्मशीलानं सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली आणि शिडी लावली. देवळाच्या शिखराखाली आग्या मोहळ लटकलेलं असतं, दरवर्षीच असतं. त्याच्या वाटेला कुणी जात नाही आणि तेही कुणाच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी मात्र लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढायला आलं होतं. नवरी घेरदार झग्यात, नवरदेव काळा चष्मा लावून आणि त्यांच्याबरोबर ड्रोन उडवणारा फोटोवाला.

धम्मशीला वर पट्टा बांधून काम करत होती. खाली लिंबाजी येऊन उभा राहिलेला. फोनवर पोट भरलं नाही म्हणून समक्ष भांडायला आलेला. "गहू वाळायलाय माझा! तुमाला पगार कायचा देतेत?" ती उत्तर देत नव्हती. तेवढ्यात तो ड्रोन घोंघावत शिखराच्या अगदी जवळून गेला. आणि मोहळ उठलं.

ती पुढं सांगायची, की पहिल्यांदा तिला वाटलं, लाईनच चालू झाली. तसा आवाज होता. मग मानेवर पहिला डंख बसला. तिच्या हातांनी पट्ट्याची कडी कधी काढली, शिडीच्या पायऱ्या पायाखालून कशा गेल्या, तिला आजही सांगता येत नाही. फोटोवाले धावत गाडीत शिरले आणि काचा वर करून बसले. लिंबाजी मात्र जागच्या जागी उभा राहून उपरणं गरागरा फिरवत होता.

"हात हालवू नका! पळा!" ती ओरडली. त्याला कळेना. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढत घेऊन पळाली. हरभऱ्यातून, मग बांधावरून, मग उभ्या ज्वारीतून. ज्वारीची पानं तोंडावर सपासप लागत होती. मागून माशांचा लोट. "पोरी, सोड मला, तू जा," लिंबाजी धापा टाकत म्हणाला. "गप पळा हो मामा!" ती म्हणाली. लिंबाजीच्या विहिरीवर मोटारीची पत्र्याची खोली होती. दोघं आत शिरले, तिनं दार ओढून घेतलं, खाली फट होती तिच्यात पोतं कोंबलं. आत आलेल्या दोन-चार माशा बुटानं मारल्या. आणि मग दोघंही भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसले.

बाहेर पत्र्यावर माशा टपटप आपटत होत्या. धम्मशीलाचे पाय थरथरत होते, हात थरथरत होते, दात कडकड वाजत होते. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला नाही, तेवढं त्राणच नव्हतं. थोड्या वेळानं थरथर आपली आपणच ओसरली. श्वास खाली आला. तिनं लिंबाजीकडे पाहिलं. त्याचा एक कान सुजून पापडाएवढा झाला होता, उपरणं कुठंतरी पडलं होतं आणि पायात एकच चप्पल होती. तिला हसू फुटलं. लिंबाजीनं आधी रागानं पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या गालाकडे बोट दाखवून तोही हसायला लागला. बराच वेळ दोघं हसत होते.

हसणं थांबल्यावर तिच्या ध्यानात आलं, की तिला भूक लागलीय. कितीतरी दिवसांत अशी भूक लागली नव्हती. कोपऱ्यात खुंटीला लिंबाजीच्या दुपारच्या भाकरीचं फडकं लटकत होतं.

"मामा, भाकर हाय का त्यात?"

"हाय की. घे." त्यानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. डंखांची आग होत होती, तरी खाल्ली.

तिचा फोन पळताना हरभऱ्यात कुठंतरी पडला होता. लिंबाजीचा त्याच्या बंडीच्या खिशात होता. तिनं तो मागून घेऊन आधी सबस्टेशनला कळवलं, की मी सांगेपर्यंत लाईन सोडायची नाही, आणि भगवानरावांना काय झालं ते सांगितलं. फोन परत दिला तोच तो वाजला. लिंबाजीचा भाऊबंद होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "लाईट कवा येनार म्हनाव? बाई फोन उचलंना झालीय!"

"आरं मुडद्या," लिंबाजी गरजला, "बाई अन मी मोहळात सापडलाव हितं! जीव जायची येळ अन तुला लाईट पायजे!" त्यानं फोन ठेवला. लगेच दुसरा आला. मग तिसरा. तिसऱ्याला त्यानं उत्तरच दिलं नाही. फोन हातात धरून तो जरा वेळ बघत राहिला.

"आसंच येतेत का तुला, दिसभर?"

"याच्यापरीस जास्ती. त्यातले निम्मे तुमचे."

लिंबाजीनं फोन बंडीच्या खिशात टाकला. मग सुजलेला कान चाचपत म्हणाला, "तू उचलतीस म्हनून लावतो, बाई. बाकीचे उचलतच न्हाईत. पोराला लावावा तर तो तिकडं पुन्याला, म्हनतो मीटिंगमधी हाव. मोटार बंद पडली की माज्याबी छातीत कसंतरी व्हतं बग. पानी आर्ध्या वाफ्यात आसतंय अन लाईट जाती. मंग तोंडाला यील ते बोलतो."

"मला वाटायचं, तुमी खुन्नस धरून हाव माज्यावर."

"खुन्नस कायची? तुजं नावबी म्हाईत न्हाई मला."

तिनं नाव सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून पाहिलं, "धम्मशीला," आणि मान डोलावली.

ऊन कलायला लागलं तशा माशा निवल्या. भगवानराव घोंगड्या आणि जीप घेऊन आले. दोघांना गुंडाळून दवाखान्यात नेलं, काटे काढले, इंजेक्शनं दिली, बराच वेळ देखरेखीखाली ठेवलं. अंगभर गांधी उठल्या होत्या, पण धोका नव्हता. जंप दुसऱ्या वायरमननं बसवला आणि हरभऱ्यात पडलेला तिचा फोनही शोधून आणला. धम्मशीला घरी आली, सरजाबाईंनी केलेला गरम भात खाल्ला आणि जी झोपली ती ऊन खिडकीतून तोंडावर येईपर्यंत.

सकाळी चहा घेताना ती धम्मानंदला म्हणाली, "एक सांगू का? काल माशा मागं लागल्या तवा जेवढी धडधड झाली ना, तेवढीच मला लिंबाजीमामाच्या फोननं व्हायची. कमी न्हाई, तेवढीच."

"मंग?"

"मंग काल मी पळाले. अन ती थांबली."

धम्मानंदनं चालण्याचं नाव काढलं नाही. जिंतूरहून येतानाची नजर त्याला आठवत असावी.

तिचं तिनंच सुरू केलं. फोन येऊन छाती उडायला लागली की ती स्कुटी जिथं असेल तिथं झाडाखाली लावायची आणि पुढं डीपीपर्यंत चालत जायची. चालत म्हणजे भरभर, घाम फुटेल अशी. डीपीपाशी पोचेस्तोवर धडधड चालण्याची झालेली असायची आणि थांबली की तीही थांबायची. बांधावरून बूट घालून तरातरा जाणारी बाई बघून लोक आधी चक्रावले. बाईच्या गाडीतलं पेट्रोल संपलंय म्हणून कुणी मोटारसायकल थांबवायचं. "बसा की बाई, सोडतो."

"नको दादा. चालू द्या मला."

दोन-तीनदा असं झाल्यावर गावात बोललं गेलं, की बाईला मधुमेह झालाय आणि डॉक्टरनं चालायला लावलंय. तिनं ते खोडलं नाही. सोयीचंच होतं.

फोनचं काम इतकं सोपं नव्हतं. ऑफिसात एकच सामायिक नंबर ठेवावा आणि तो पाळीपाळीनं सगळ्यांनी सांभाळावा, असं तिनं भगवानरावांना सांगितलं. "वर इचारावं लागंल," ते म्हणाले आणि विचारलं नाही. ती पुन्हा गेली. पुन्हा "बगू". तिसऱ्यांदा मात्र ती खुर्ची ओढून समोर बसली आणि बाजारातला दिवस तिनं पहिल्यांदाच त्यांना सगळा सांगितला, वाकड्या बोटांसकट. भगवानराव ऐकून घेत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मलाबी व्हायचं तसं. पंधरा-सोळा वर्सं झाली. मी समजायचो, गॅस हाय." त्याच आठवड्यात नवा नंबर आला आणि पहिली पाळी त्यांनी स्वतः घेतली.

तिकडे लिंबाजीनं वेगळीच मोहीम उघडली. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून वाद चालला होता, त्याच्या मध्येच तो उठला आणि म्हणाला, "वायरमनबाईला उगं उगं फोन लावायचा न्हाई. एकदा सांगितलं म्हंजी सांगितलं." कुणीतरी मागून हसत विचारलं, "मामा, हे तुमी सांगायलाव?" "मीच सांगायलोय," तो म्हणाला आणि खाली बसला. धम्मशीला आता रोज सकाळी ग्रुपवर एकच संदेश टाकते, कोणत्या शिवारात किती वाजता थ्री फेज आणि कुठं काम चालू आहे ते. सगळे वाचतात असं नाही. फोन येतात. पण पूर्वीच्या मानानं पुष्कळच कमी.

चालून आल्यावर एका संध्याकाळी ती आपणहून विहारात जाऊन बसली. अंग दमलेलं होतं, श्वास संथ होता. त्या दिवशी तिला तो बघता आला. जरा वेळच, मग मन संबोधीच्या गणवेशावर गेलं, पण जमलं. "मी म्हनलं नव्हतं का?" सरजाबाई घरी येताना म्हणाल्या. आधी दमावं लागतं, हे काही सासूला सांगावंसं तिला वाटलं नाही. तिनं "हाव आत्या" म्हटलं.

धडधड कायमची गेली असं नाही, तीही तसं म्हणत नाही. मे महिन्यात अवकाळी वादळ आलं, खांबांची रांगच्या रांग आडवी झाली. सकाळपासून सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले तशी तिची छाती पूर्वीसारखीच उडाली. पण या वेळी ती घाबरली नाही. "आज गरज लागनारच हाय तुजी," असं ती स्वतःच्या छातीला म्हणाली, धम्मानंदच्या देखत, आणि हेल्मेट घालून निघाली. चिखलातून खांब उभे करताना, तारा ओढताना ती धडधड कामालाच आली. दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावांची लाईट आली. घरी येऊन ती पोटभर जेवली आणि संबोधीच्या शेजारी आडवी झाली. मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना गुदगुल्या करत हसत होत्या.

जिंतूरच्या डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या बंद केल्या. परभणीच्या चिठ्ठीची गरज पडली नाही. "काय केलंत?" त्यांनी विचारलं तेव्हा धम्मशीलानं मोहळाची सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टर हसत हसत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे औषध मी दुसऱ्या कुणाला लिहून देऊ शकत नाही हो."

यंदाच्या थंडीत परभणीला खात्याच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. बायकांच्या धावण्याच्या शर्यतीत तिनं नाव दिलं. तेवढीच परभणी बघायची म्हणून सरजाबाई, संबोधी आणि दुकान बंद ठेवून धम्मानंद, सगळेच एसटीनं गेले. शर्यतीत ऑफिसातल्या तरण्या मुली होत्या, त्यांतल्या दोघी तर कॉलेजात पळालेल्या. धम्मशीला शेवटून दुसरी आली. मैदानाच्या कडेला संबोधी उड्या मारत ओरडत होती, "आई, पळ! आई, पळ!" आणि शर्यत संपली तरी तिचं ओरडणं संपेना. धम्मशीला धापा टाकत तिच्याजवळ आली, गवतावर पाय पसरून बसली आणि सासूकडे हात पुढे करून म्हणाली, "आत्या, डबा काढा. लय भूक लागली."